‘माले काय व्हस!’ – धडधाकट तरुणाला फ्लूची लस कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २७, मूळ गाव अमळनेर तालुक्यात, नोकरी चाकणला. रोज जिम, व्यसन नाही, आजवर गोळी माहीत नाही. पुढच्या आठवड्यात कंपनीत फ्लूच्या लशीचं शिबिर आहे, निम्मे पैसे कंपनी भरणार. खोलीवरचे मित्र म्हणतात, लस घेतली की उलट तापच येतो. आई फोनवर म्हणते, चांगल्या जिवाला सुई कशाला टोचून घ्यायची. तुमचं स्वतःचं म्हणणं असं की फ्लू म्हणजे सर्दी-तापच, आणि दरवर्षी घ्यावी लागते ती लस काय कामाची? श्रावणात कानबाईच्या उत्सवाला घरी जायचं आहे, घरात चौऱ्याहत्तर वर्षांची मधुमेही आजी आहे आणि बहीण पहिल्या बाळंतपणाला आलेली असेल, हे तुम्ही जाता जाता एका ओळीत लिहून टाकलंत. माझ्या मते खरा प्रश्न त्याच ओळीत आहे. पण तिथं पोचायच्या आधी बाकीचं उरकून घेऊ.

मी फिजिशियन आहे, जळगाव जिल्ह्यात बावीस वर्षं प्रॅक्टिस करतो. एक कबुली आधीच देतो: डॉक्टर असूनही सुरुवातीची बरीच वर्षं मी स्वतः ही लस घेतली नव्हती. कारण तुमचंच होतं. माले काय व्हस, मला काय होतंय?

पहिला घोटाळा शब्दाचा आहे. आपल्याकडे ‘व्हायरल’ नावाचं एक मोठं गाठोडं आहे. पडसं, फ्लू, डेंगी, चिकनगुनिया, कधी कधी टायफॉईडसुद्धा, सगळं त्यातच कोंबलं जातं. त्यामुळे प्रत्येकाला वाटतं, आपल्याला फ्लू चार वेळा होऊन गेला आणि काही झालं नाही. त्यातल्या तीन वेळा तो फ्लू नव्हताच. साध्या पडशात माणसाला सर्दी कधी सुरू झाली ते नीट सांगता येत नाही. आधी घसा खवखवतो, मग नाक वाहतं, मग दोन दिवसांनी अंग जड होतं. फ्लूचा रुग्ण मला वेळ सांगतो. ‘काल चार वाजता चहा पीत होतो, तिथंच हुडहुडी भरली.’ ताप १०२-१०३, डोळ्यांमागे ठणका, पाठ आणि पोटऱ्या कुणी बडवून काढल्यासारख्या, कोरडा खोकला. नाक फारसं वाहतही नाही. उठून मोरीपर्यंत जायचं म्हटलं तरी भिंत धरावी लागते. ज्याला हा खरा फ्लू एकदा होऊन गेला, तो पुन्हा त्याला सर्दी म्हणत नाही.

(पावसाळ्यात पहिल्या दिवशी फ्लू की डेंगी हे मलाही नुसतं बघून सांगता येत नाही. म्हणून डेंगी नाही हे कळेपर्यंत तापाला आणि अंगदुखीला पॅरासिटामॉलच घ्यायचं. मेडिकलमधून ‘जरा स्ट्राँग’ गोळी मागून घेऊ नका.)

आता धोक्याचं. तुम्हाला घाबरवून लस घ्यायला लावायची माझी इच्छा नाही. तुमच्या वयाच्या, धडधाकट शंभर जणांना फ्लू झाला तर बहुतेक सगळे आठवडाभरात उठून कामाला लागतील. खोकला आणि थकवा तेवढा दोन-तीन आठवडे रेंगाळेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं दरवर्षी जगात सुमारे १०० कोटी लोकांना फ्लू होतो, त्यांतले ३० ते ५० लाख गंभीर होतात आणि २ लाख ९० हजार ते साडेसहा लाख लोक श्वसनाच्या गुंतागुंतीनं दगावतात. हे मृत्यू बहुतांशी म्हाताऱ्यांचे, दमेकऱ्यांचे, हृदयरोग्यांचे आणि अगदी लहान मुलांचे असतात. तुमचा नंबर त्या रांगेत बराच मागे आहे, हे खरंच आहे.

पण ही रांग दर वेळी त्याच क्रमानं लागत नाही. १९१८ ची साथ आपल्या पणज्यांच्या पिढीनं ‘मानमोडी’ म्हणून लक्षात ठेवली होती. मुंबई बंदरातून ती आत शिरली आणि सप्टेंबरनंतरच्या दुसऱ्या लाटेत मुंबई इलाख्यातली गावंच्या गावं झोपली. खानदेश तेव्हा त्याच इलाख्यात. त्यात त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेलेला. देशात किमान सव्वा कोटी माणसं गेली असावीत असं मानलं जातं, आणि १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. एरवी फ्लू लहानग्यांना आणि म्हाताऱ्यांना उचलतो. मानमोडीनं २० ते ४० वयाची, नांगर धरणारी माणसं उचलली. २००९ चा ‘स्वाइन फ्लू’ तितका भयंकर नव्हता, पण त्याचाही कल तसाच होता. जगभरातल्या त्याच्या मृत्यूंपैकी सुमारे ८० टक्के मृत्यू ६५ वर्षांखालच्यांचे होते असा अंदाज आहे. भारतातला पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात झाला, चौदा वर्षांच्या मुलीचा. २००९ चा तो स्वाइन फ्लूचा विषाणू, एच१एन१, कुठं गेला नाही. आता तो दरवर्षीच्या नेहमीच्या फ्लूमधलाच एक झाला आहे. २०१५ साली त्यानं देशात ४२ हजारांवर लोक आजारी पाडले आणि जवळजवळ तीन हजार मारले.

त्याच २०१५ च्या फेब्रुवारीतल्या माझ्या एका रुग्णाचं सांगतो. यावल तालुक्यातला, वय एकतीस, केळीचे घड डोक्यावरून बांधावरच्या ट्रकपर्यंत वाहणारा. छाती बघितली तर तुमच्या जिमच्या मास्तरनं शिकवणी लावावी. ताप आला, गावात दोन इंजेक्शनं आणि एक सलाईन झालं. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून चौथ्या दिवशी परत मळ्यात. पाचव्या रात्री पुन्हा थंडी वाजून ताप, गंजलेल्या रंगाचा बेडका, बरगडीत कळ. सहाव्या दिवशी माझ्याकडे आणला तेव्हा बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ८१. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं पांढरी. फ्लूनं आतलं अस्तर सोलून ठेवलं होतं आणि त्या उघड्या जागेत जिवाणूंनी न्यूमोनिया केला होता. नऊ दिवस व्हेंटिलेटरवर काढले. वाचला. पण तीन महिने त्याला घड उचलता आला नाही, आणि त्या तीन महिन्यांचं घर कसं चाललं ते मी विचारायचं टाळलं.

या माणसाचं काय चुकलं? शरीर कमजोर नव्हतं. त्याला उशीर झाला, आणि उशीर शरीर दणकट होतं म्हणूनच झाला. सत्तर वर्षांची बाई पहिल्या दिवशी कण्हते, मुलं तिला दुसऱ्या दिवशी घेऊन येतात. तरुण माणूस बरगडीत कळ येईपर्यंत कुणाला सांगतच नाही, आणि त्याचं शरीरही बिचारं शेवटपर्यंत साथ देत राहतं, त्यामुळे बाहेरून कळतही नाही. माझ्या अतिदक्षता कक्षात फ्लूनं आलेले तरुण मोजकेच, पण जवळजवळ सगळे पाचव्या-सहाव्या दिवशी आलेले. सलाईनबद्दलही एकदा बोलून टाकतो: फ्लूवर सलाईनचा काडीचा उपयोग नाही. ते शरीरात पाणी कमी झालं असेल त्याच्यासाठी असतं. आपल्या भागात मात्र बाटली लटकल्याशिवाय उपचार झाल्यासारखं वाटत नाही, आणि त्या समाधानात दोन दिवस जातात.

मग लस. इथं मी तुम्हाला एक आकडा देतो, जो शिबिराच्या पत्रकात बहुधा नसेल. कोक्रेन ही संस्था जगभरातल्या चाचण्या एकत्र करून तपासते. २०१८ साली त्यांनी निरोगी प्रौढांपुरता हिशेब मांडला. लस न घेतलेल्या हजारांत एका हंगामात साधारण २३ जणांना तपासणीत सिद्ध झालेला फ्लू झाला, लस घेतलेल्या हजारांत ९ जणांना. म्हणजे एकाचा फ्लू टाळायला सुमारे ७१ जणांना लस द्यावी लागते. तुम्ही म्हणाल, ही तर थट्टाच झाली. मला तसं वाटत नाही, पण तुम्हाला वाटलं तर मी भांडणारही नाही. फक्त एवढं लक्षात घ्या की तो २३ चा आकडा सगळ्या प्रकारच्या माणसांची सरासरी आहे. गावाबाहेर मळ्यात एकटा राहणाऱ्याचा आकडा त्याहून कमी असणार. तुम्ही कॉट बेसिसवर सहा जणांच्या खोलीत झोपता, बंद काचांच्या कंपनीच्या बसमधून तासभर जाता, शिफ्टला शेकडो लोकांसोबत एकाच कॅन्टीनमध्ये जेवता. तुमची फ्लूशी गाठ पडायची शक्यता सरासरीहून जास्त, म्हणून लशीचा फायदाही जास्त. ज्या वर्षी लस आणि फिरता विषाणू यांचा मेळ चांगला बसतो, त्या वर्षी ती आजार साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. मेळ नाही बसला तर त्याहून कमी. लस घेऊनही फ्लू झालेले रुग्ण मी दरवर्षी बघतो. त्यांचा आजार सहसा हलका जातो.

दरवर्षी का, याचं उत्तर कपाशी लावणाऱ्या घरातल्या माणसाला मी बोंडअळीच्या भाषेत देतो. बीटी बियाणं आलं तेव्हा बोंडअळीचा प्रश्न मिटला असं वाटलं होतं. काही वर्षांनी गुलाबी बोंडअळी त्याला पुरून उरली, कारण बीटी पचवू शकणाऱ्या मोजक्या अळ्या वाचल्या आणि पुढची पिढी त्यांचीच झाली. फ्लूच्या विषाणूचं तेच, फक्त त्याच्या पिढ्या तासांत बदलतात. त्याच्या अंगावर जी काट्यांसारखी प्रथिनं असतात, ज्यांवरून एच आणि एन ही नावं पडली, त्यांत सतत बारीक बदल होत राहतात. आपली प्रतिकारशक्ती गेल्या वर्षीचा काटा ओळखते, यंदाचा नीट ओळखत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, लशीत कोणते विषाणू घालायचे ते ठरवते. शिवाय लशीचं संरक्षणही काही महिन्यांत ओसरतं. बियाणं दरवर्षी नवं घेतो म्हणून आपण बियाण्याला बोगस म्हणत नाही.

तुमच्या मित्रांच्या म्हणण्यातही थोडं तथ्य आहे. दंड दुखतो, काहींना एक-दोन दिवस कणकण येते. तो फ्लू नाही. दंडात देतात त्या लशीत मारलेला विषाणू असतो, काहींत तर फक्त त्याचे तुकडे. त्यातून फ्लू होऊ शकत नाही. मग ‘लस घेतली आणि आठच दिवसांत आडवा झालो’ असं का ऐकू येतं? कारण लोक साथ सुरू झाल्यावर धावत येतात. संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि तेवढ्यात खोलीतल्या दुसऱ्याचा फ्लू यांना गाठतो. बदनाम लस होते.

म्हणून वेळ महत्त्वाची. आपल्या महाराष्ट्रात फ्लू मुख्यतः पावसाळ्यात उसळतो, आणि लहानशी उसळी जानेवारी ते मार्चमध्ये येते. मी माझ्या रुग्णांना तारीख सांगत नाही, आखाजी (अक्षय्य तृतीया) सांगतो. लेकी माहेरी आल्या, झोके बांधले गेले की तुमचीही लस झाली पाहिजे. तुमचं शिबिर बरोबर त्याच सुमारास आहे. लशीच्या खोक्यावर दक्षिण गोलार्ध आणि चालू वर्ष लिहिलंय का तेवढं बघा. पावसाळ्याआधी आपल्याकडे तीच कामाची.

हीच लस घरच्यांना गावाकडे द्यायची असेल तर एक खास खानदेशी अडचण आहे. लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ वर असतो आणि लाईट कधी जाईल याचा नेम नसतो. मेडिकलमधून घेऊन डिकीत टाकून तासाभरानं दवाखान्यात आणलेली लस मी टोचत नाही, परत पाठवतो, मग पाहुणा रागावला तरी चालेल. उलट काही जण शहाणपणा करून ती थेट बर्फाच्या खणात ठेवतात. गोठलेली लसही वाया गेलेली असते. ज्या दवाखान्यात लशीचा वेगळा फ्रिज आहे तिथंच घ्या. खासगीत साधारण दीड ते अडीच हजार रुपये पडतात. आजी आणि बहीण यांच्यासाठी आधी सरकारी रुग्णालयात विचारा. गरोदर बायका आणि मधुमेही यांना ती तिथं मोफत मिळू शकते.

आता ती एक ओळ. फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून दुसऱ्याला तो देऊ लागतो. म्हणजे शनिवारी रात्री चाकणहून निघताना तुम्ही ठणठणीत असाल. रविवारी कानबाई बसेल, सगळी भाऊबंदकी एका घरात, रात्रभर गाणी, रोटाचं जेवण मांडीला मांडी लावून. सोमवारी विसर्जनानंतर तुम्हाला हुडहुडी भरेल. तुम्ही आठ दिवसांत बरे व्हाल. आजीचं वय आणि साखर दोन्ही तिच्या विरुद्ध आहेत, आणि त्या वयात लस दिली तरी ती तुमच्याइतकी जोमानं लागू पडत नाही. कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासात फ्लू सिद्ध झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचा धोका सुमारे सहापट दिसला. त्यातले बहुतेक उतारवयातले होते. बहिणीला गरोदरपणात फ्लू जड जातो, आणि सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देताच येत नाही. त्याला संरक्षण मिळतं ते आईनं गरोदरपणी घेतलेल्या लशीतून आणि भोवतालची माणसं आजारी न पडण्यातून.

लस घेतली की तुमच्याकडून कुणाला लागण होणारच नाही, अशी हमी मी देत नाही. तेवढी पक्की ती नाही. पण कॅनडातल्याच काही शेतकरी वसाहतींत फक्त मुलांना लस दिली तेव्हा लस न घेतलेल्या मोठ्यांचा फ्लूही सुमारे ६० टक्क्यांनी घटला होता. घरात शिरणारी वाट अरुंद केली की आतल्यांना फायदा होतो, एवढं त्यातून नक्की कळतं. माझं स्वतःचं मत बदललं ते याच ठिकाणी. एका पावसाळ्यात मी अंगात कणकण घेऊन ओपीडी केली, घरी येऊन वडिलांशेजारी बसून जेवलो. चौथ्या दिवशी वडील, जुने दमेकरी, दवाखान्यात दाखल. माझ्यामुळेच झालं हे सिद्ध करता येणार नाही. ते बरे होऊन घरी आले, आणि पुढच्या आखाजीपासून माझी लस चुकलेली नाही.

तेव्हा तुमच्या जागी मी असतो तर घेतली असती. घरात आजी नसती, बहीण नसती आणि तुम्ही एकटे मळ्यात राहत असता, तर ‘घेतली तर चांगलं, नाही घेतली तर आभाळ कोसळत नाही’ असं उत्तर मी दिलं असतं. उलट, तुम्हाला लहानपणी दमा होता, वजन फार जास्त आहे किंवा साखर कधी तपासलीच नाही, असं काही असेल तर ‘धडधाकट’ या शब्दाचाच फेरविचार करा. आपल्याकडे तिशीतला मधुमेह आता नवलाचा राहिलेला नाही. लस घेऊ नये असे लोक थोडे: आधीच्या डोसाला गंभीर ॲलर्जी आलेले, किंवा लशीनंतर सहा आठवड्यांत गिया-बारे हा हातापायांची ताकद जाण्याचा आजार झालेले. तो आजार लशीनं झालाच तर दहा लाखांत एखाद-दुसऱ्याला होतो. शिबिराच्या दिवशी चढता ताप असेल तर थांबा. अंड्याची ॲलर्जी असेल तर डॉक्टरला सांगा, पण आता तेवढ्यावरून लस नाकारत नाहीत.

आणि नाही घेतली, किंवा घेऊनही ताप आलाच, तर हे करा. ताप उतरून पूर्ण एक दिवस जाईपर्यंत खोलीतच थांबा, आणि कानबाईला त्या वर्षी व्हिडिओ कॉलवर हात जोडा. तापात जिम अजिबात नको. फ्लूचा विषाणू कधी कधी हृदयाच्या स्नायूला सूज आणतो, आणि तशा हृदयावर वजनं उचलणं जिवावर बेतू शकतं. घाम गाळून ताप जात नाही. फ्लूवर ओसेल्टामिविर हे औषध आहे, पण ते पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर नीट काम करतं. कुणाला द्यायचं ते डॉक्टर ठरवतील, मेडिकलवाला नाही. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. दम लागणं, छातीत दुखणं, ओठ निळसर दिसणं, गुंगी येणं, बोटाच्या यंत्रावर ऑक्सिजन ९४ च्या खाली जाणं, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. आणि त्या केळीवाल्याची गोष्ट विसरू नका: बरं वाटून पुन्हा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना.

आईला एवढंच सांगा की सुई आजीसाठी घेतोय. बहुधा त्यावर ती काही बोलणार नाही. आणि आजीला न्यूमोकोकलची (जिवाणूंनी होणाऱ्या न्यूमोनियावरची) लस कधी दिली आहे का ते तिच्या जुन्या फायलीत बघून कळवा. ती फ्लूच्या लशीहून वेगळी असते, पण दोन्ही एकाच दिवशी, दोन दंडांत देता येतात.